लोकनाम आणि शास्त्रनाम : सरीसृप व उभयचर प्राण्यांच्या नामविवादांचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

रायपूर शहरातील शंकर नगरसारख्या वस्तीत पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या घराच्या आवारात साप निघाला, तर तो मारला जाण्यापूर्वी किंवा पकडला जाण्यापूर्वी त्याला दोन-तीन नावे मिळून जातात. मराठी कुटुंब ज्याला 'नाग' म्हणते, त्यालाच छत्तीसगढी बोलणारा शेजारी 'डोमी' म्हणतो. मराठीतील 'मण्यार' हिंदी भाषकाच्या तोंडी 'करैत' होते. मराठी 'धामण' हिंदीत 'धामन' म्हणून सहज ओळखू येते, पण छत्तीसगढीतील 'असोढिया' हा शब्द ऐकून तोच प्राणी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर १८५४ पर्यंत होता आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग राहिले. त्यामुळे मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषांचे येथील साहचर्य जुने आहे. अशा ठिकाणी नावांची ही सरमिसळ होणे स्वाभाविकच होय.

या सरमिसळीतून दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, ही दोन नावे एकाच प्राण्याची आहेत काय? दुसरा असा की, त्यांपैकी खरे नाव कोणते? लोकव्यवहाराच्या दृष्टीने दुसऱ्या प्रश्नाला अर्थ नाही. 'डोमी' हे नाव 'नाग' या नावापेक्षा कमी खरे आहे, असे कोणी म्हणणार नाही. प्राणिशास्त्रात मात्र हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही, कारण तेथे एका जातीला एकच ग्राह्य नाव असावे असा दंडक आहे. तो पाळताना गेल्या अडीचशे वर्षांत जे वाद झाले, त्यांत भारतातील सरीसृप व उभयचर प्राण्यांच्या नावांचा वाटा मोठा आहे आणि त्यातील काही नावे मूळची भारतीय भाषांतील आहेत.

प्रस्तुत निबंधात अशा काही वादांचा परामर्श घेऊन एक मुद्दा मांडावयाचा आहे. शास्त्रनामाविषयीचा वाद ज्या पद्धतीने मिटवला जातो, ती पद्धती पाठचिकित्सेशी निकटचे नाते सांगणारी आहे. लोकनामाविषयीच्या वादाला मात्र तशी कोणतीही पद्धती उपलब्ध नाही. ही उणीव केवळ शास्त्रीय नसून भाषिक आहे आणि ती भरून काढण्याचे काम भाषाभ्यासकांकडे येते.

२. नियम आणि पाठचिकित्सा

लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ तेथून मानला जातो. या पद्धतीत नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग वंशाचा आणि दुसरा त्या वंशातील जातीचा. नावांची संख्या वाढली, तसा गोंधळ वाढला. तो आवरण्यासाठी १८४२ साली स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने पहिली नियमावली तयार झाली. आज प्रचारात असलेल्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

या संहितेतील तीन तत्त्वे येथे महत्त्वाची आहेत. पहिले आद्यत्वाचे : एकाच जातीला दोघांनी नावे दिली असतील, तर आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य. दुसरे आधारनमुन्याचे : नाव हे वर्णनाला चिकटलेले नसून एका विशिष्ट, जतन केलेल्या नमुन्याला चिकटलेले असते. वर्णन चुकीचे निघाले तरी नमुना तपासता येतो. नमुना हरवला, तर विहित पद्धतीने त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. तिसरे तत्त्व मूळ लेखनाचे : नाव प्रथम ज्या वर्णांनी छापले गेले, तेच त्याचे अधिकृत रूप.

मराठीच्या अभ्यासकाला यात परिचित असे काही दिसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. या दोन्ही घटनांच्या मुळाशी हाच प्रश्न होता : अनेक पाठांतून आद्य पाठ कोणता, आणि तो ठरवण्याचा आधार कोणता? प्राणिशास्त्रज्ञाचा आधारनमुना आणि पाठचिकित्सकाची जुनी पोथी यांचे कार्य पुष्कळसे सारखे आहे. दोन्ही ठिकाणी परंपरेने रूढ केलेल्या समजुतीपेक्षा तपासता येण्याजोग्या वस्तूला प्रामाण्य दिले जाते.

परंतु साम्याबरोबरच एक मूलभूत भेदही ध्यानात घेतला पाहिजे. पाठचिकित्सक लेखनिकाचा प्रमाद दुरुस्त करतो. ते त्याचे कर्तव्यच असते. नामसंहिता मात्र छापखान्याची उघड चूक किंवा तत्सम अनवधान वगळता मूळ लेखन जसेच्या तसे राखते. परभाषेतील शब्द रोमन लिपीत आणताना झालेली चूक ही तिच्या दृष्टीने दुरुस्तीयोग्य चूकच नव्हे. 'घडियाल' या हिंदी शब्दाचे युरोपीय लेखनात 'गेव्हियल' झाले. मूळच्या 'र' या वर्णाच्या जागी 'व' वाचला गेला असावा, असे मानले जाते. १८११ साली ओपेलने त्यावरून 'गेव्हियालिस' हे वंशनाम केले आणि आज तेच ग्राह्य आहे. नराच्या नाकाडावरील घड्यासारख्या फुगवट्यावरून पडलेल्या नावातून तो घडाच नाहीसा झाला. तरीही ते नाव बदलता येत नाही. अपपाठ एकदा प्रसिद्ध झाला की येथे तोच मूळ पाठ ठरतो.

नियमांचे यांत्रिक स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. कँटरने १८३६ साली नागराजाला 'हॅमॅड्रायस हॅना' हे नाव दिले. पण 'हॅमॅड्रायस' हे वंशनाम त्यापूर्वीच फुलपाखरांच्या एका वंशाला देण्यात आले होते. दोन वंशांना एकच नाव चालत नाही, मग ते वंश एकमेकांपासून कितीही दूरचे असोत. परिणामी कँटरचे जातिनाम टिकले आणि वंशनाम गेले. १८६४ मध्ये ग्युंथरने दिलेले 'ओफिओफॅगस', म्हणजे साप खाणारा, हे वंशनाम पुढे रूढ झाले.

३. तेलुगू नावांचा प्रवास

भारतीय सापांच्या नामविवादांचे मूळ शोधू गेल्यास पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथापाशी यावे लागते. विशाखापट्टणम येथे वास्तव्य असताना त्याने कोरोमंडल किनाऱ्यावरील साप जमवले, त्यांची चित्रे काढवून घेतली आणि १७९६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लिनीअसची पद्धती तोपर्यंत सर्वमान्य झाली होती. तथापि रसेलने सापांना द्विनामे दिली नाहीत. प्रत्येक चित्राखाली त्याने स्थानिक लोकांकडून ऐकलेले नाव रोमन लिपीत लिहिले. 'बुंगारुम पामा', 'काटुक रेकुल पोडा' अशी ती नावे आहेत.

या संकोचाचा परिणाम विलक्षण झाला. चित्र आणि वर्णन रसेलचे, पण त्यावरून द्विनाम देण्याचा मान इतरांकडे गेला. १८०१ साली श्नायडरने रसेलच्या आधारे अनेक जातींची नावे निश्चित केली. आजच्या पट्टेरी मण्यार, साधी मण्यार आणि फुरसे या तिन्ही सापांची जातिनामे त्याचीच आहेत. १८०३ मध्ये दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मण्यारींसाठी 'बुंगारस' हे वंशनाम योजले. तेलुगूत 'बंगारम्' म्हणजे सोने आणि 'पामु' म्हणजे साप. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सापाला किनाऱ्यावरील लोकांनी दिलेले हे साधे वर्णनात्मक नाव होते. ते वंशनाम होताच त्या वंशातील सर्व जातींवर पसरले. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणाऱ्या साध्या मण्यारीच्या अंगावर सोनेरी रंग कोठेही नसतो. ती काळसर असून तिच्यावर बारीक पांढऱ्या रेषा असतात. तिचे पूर्ण नाव 'बुंगारस सेरुलिअस'. त्याचा पहिला शब्द तेलुगू सोन्याचा आणि दुसरा लॅटिन निळाईचा. नाव खूण म्हणून राहते, अर्थ मात्र मागे पडतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

घोणशीच्या बाबतीत वाद अधिक सूक्ष्म होता. रसेलच्या 'काटुक रेकुल पोडा' या सापाला, ज्याच्या नावातील 'काटुक' म्हणजे काजळ, शॉने १७९७ मध्ये रसेलच्या सन्मानार्थ जातिनाम दिले. ते देताना त्याने 'रसेलिआय' या शब्दात 'एल' हे अक्षर एकदाच वापरले. रसेलच्या स्वतःच्या आडनावात ते दोनदा येते. पुढील अनेक लेखकांनी शॉच्या हातून चूक झाली असे समजून दोन 'एल' लिहिले आणि दीर्घकाळ दोन्ही रूपे चालू राहिली. २००० साली अॅडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा निकाल लॅटिन व्याकरणाच्या आधारे लावला. शॉने आडनाव इंग्रजी रूपात न घेता त्याचे लॅटिनीकरण करून 'रसेलिअस' असे केले आणि त्याची षष्ठी लावली, तेव्हा एकच 'एल' असलेले रूप सदोष नसून हेतुपूर्वक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विषारी सापाच्या नावाचा हा निर्णय प्रयोगशाळेत झाला नाही. विभक्तीच्या विचारातून तो झाला, ही गोष्ट भाषाभ्यासकांच्या दृष्टीने लक्षणीय होय.

याच सापाचे वंशनाम 'डाबोइया' हे ग्रेने १८४२ साली दिले. हिंदीतील 'दबोया', म्हणजे दबून बसणारा, हा त्याचा उगम सांगितला जातो. मराठीतील 'दबा धरणे' या प्रयोगाशी परिचित असलेल्या वाचकाला हे नाव परके वाटणार नाही. मराठी 'घोणस' या शब्दाचे नाते मात्र संस्कृत 'गोनस' शब्दाशी आहे. गाईच्या नाकासारखे नाक असलेला, असा त्याचा अर्थ केला जातो. म्हणजे तेलुगू बोलणाऱ्याने त्या सापाच्या अंगावरील काजळी ठिपके पाहिले, हिंदी बोलणाऱ्याने त्याची सवय पाहिली आणि संस्कृत-मराठी परंपरेने त्याचे तोंड पाहिले. शास्त्रनामात हिंदी शब्द आणि एका स्कॉटिश वैद्याचे आडनाव तेवढे उरले. तेलुगू व मराठी निरीक्षणांना त्यात स्थान मिळाले नाही.

४. सिताना आणि सरडा

महाराष्ट्राशी अधिक निकटचा वाद गळ्याखाली पंखा असलेल्या छोट्या सरड्यांविषयी आहे. विणीच्या काळात यांचे नर उंच दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतात व मिटतात. १८२९ साली क्यूव्हिएने पाँडिचेरीहून आलेल्या नमुन्यांवरून 'सिताना पाँटिसेरिआना' ही जाती स्थापली. जातिनामात पाँडिचेरीचेच लॅटिन रूप आहे. १८७० मध्ये जर्डन या शल्यवैद्य-निसर्गाभ्यासकाने दख्खनमधील सरड्याला 'सिताना डेक्कनेन्सिस' असे वेगळे नाव दिले.

विसाव्या शतकात मात्र जर्डनच्या नावाला फारशी मान्यता उरली नाही. आधीचे नाव क्यूव्हिएचे, दोन्ही सरडे दिसावयास जवळचे, तेव्हा 'डेक्कनेन्सिस' हे पहिल्याचेच पर्यायनाम समजले गेले. पाँडिचेरीपासून साताऱ्यापर्यंतचे सरडे यामुळे एका नावाखाली आले. येथे आद्यत्वाच्या नियमाचा दोष नव्हता. दोन नावे एकाच जातीची आहेत हे गृहीत धरले, तर आधीचे नाव राखणे योग्यच ठरते. प्रश्न त्या गृहीतकाचा होता आणि त्याचे उत्तर नामसंहितेत नव्हते. ते प्राण्यांच्या शरीरात होते.

२०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पीय भारतातील या सरड्यांचा शरीररचना आणि आनुवंशिक द्रव्य या दोन्ही अंगांनी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसून आले की, ज्यांच्या नरांचा गळपंखा निळा, काळा व नारिंगी अशा गडद रंगांचा असतो, त्यांचा गट 'सिताना'हून वेगळा वंश मानण्याइतका भिन्न आहे. जर्डनचे जातिनाम पुन्हा ग्राह्य झाले आणि १४६ वर्षांनंतर ते नव्या वंशात गेले. या नव्या वंशाला अभ्यासकांनी मराठी 'सरडा' शब्दावरून 'सरडा' हेच नाव दिले. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरील जातीला त्यांनी 'सरडा सुपर्बा' म्हटले.

मराठी शब्द शास्त्रनामात जाताना त्याचे काय होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. रोमन लिपीत 'ड' आणि 'द' यांचा भेद राहत नाही. त्यामुळे मराठी न जाणणारा वाचक तो शब्द 'सरदा' किंवा 'शारदा' असाही वाचू शकतो. लिंगाची गोष्ट याहून मौजेची आहे. मराठीत 'सरडा' हा शब्द पुल्लिंगी आकारान्त आहे आणि 'घोडा', 'ससा' यांच्याप्रमाणे त्याचा 'आ' हाच पुल्लिंगाचा प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये 'आ' हा स्वर बहुधा स्त्रीलिंगाचा सूचक असतो. लॅटिन-ग्रीकेतर भाषेतील वंशनामाचे लिंग वेगळे सांगितलेले वा सुचवलेले नसेल आणि त्याच्या शेवटी हा स्वर असेल, तर ते नाव स्त्रीलिंगी धरावे, असे संहिता सांगते. म्हणून विशेषण 'सुपर्बस' असे न होता 'सुपर्बा' असे झाले. मराठीतील तो सरडा लॅटिनमध्ये ती झाला, आणि तेही त्याच स्वरामुळे ज्याने मराठीत त्याचे पुरुषत्व सिद्ध होते. शब्द जसाच्या तसा उचलला तरी व्याकरण ज्या भाषेत तो जातो तिचेच लागू होते, हा आदानाचा सामान्य नियम येथे स्पष्ट दिसतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते अशी आपल्याकडे म्हण आहे. या शब्दाने मात्र ते कुंपण ओलांडले, पण पलीकडच्या शेताचा कायदा स्वीकारून.

या वादात केवळ नावाचे समाधान गुंतलेले नव्हते. जोवर सर्व सरडे एका नावाखाली होते, तोवर त्यांची गणना देशभर आढळणाऱ्या सामान्य जातीत होत होती. अशा जातीचे एखाद्या पठारावरील अस्तित्व संपले, तरी जाती धोक्यात आली असे कोणी म्हणत नाही. सह्याद्रीच्या सडे-पठारांवर पवनचक्क्या आणि रस्ते झाले आहेत. तेथील सरड्याला स्वतःचे नाव नसताना त्याच्या ऱ्हासाची नोंद करण्याचे साधनच उपलब्ध नव्हते. नाव मिळाल्याने रक्षण होते असे नाही, पण नावावाचून त्याविषयी प्रश्नही विचारता येत नाही.

५. सह्याद्रीची दोन रूपे

बेडकांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. भातशेतीत आणि डबक्यांत आढळणाऱ्या लहान बेडकांना दीर्घकाळ सरसकट 'राना लिम्नोकॅरिस' म्हटले जाई. हे नाव ग्रावेनहोर्स्टने १८२९ साली जावा बेटावरील बेडकाला दिलेले होते. मराठीत या सर्वांना 'बेडूक' हा एकच शब्द पुरतो. या एका बाबतीत शास्त्र आणि लोकव्यवहार यांचे बराच काळ एकमत होते असे म्हणता येईल, आणि दोघांचेही निरीक्षण सारखेच ढोबळ होते.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अॅनँडेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातील बेडकांविषयी लिहिताना सह्याद्रीतील एका प्रकाराला 'सिहाड्रेन्सिस' असे नाव दिले. तत्कालीन इंग्रजी लेखनात 'सह्याद्रि' शब्दाची जी वेडीवाकडी रूपे आढळत, त्यांपैकी एक त्यांनी स्वीकारले. त्यात 'ह्य' या जोडाक्षरातील वर्णांचा क्रम उलटा झाला आहे. पुढे २००१ साली द्युबुआ, ओहलर आणि बिजू यांनी पश्चिम घाटातील एका इवल्या बेडकासाठी 'मिनर्व्हार्या' हा नवा वंश स्थापून त्याच्या जातीला 'सह्याद्रिस' हे नाव दिले. यातील लेखन मूळ शब्दाशी अधिक प्रामाणिक आहे. २०१८ मधील एका अभ्यासानंतर दक्षिण आशियातील या गटाचे अनेक बेडूक 'मिनर्व्हार्या' या वंशाखाली आले आणि त्याबरोबर अॅनँडेल यांची जातीही तेथे आली.

परिणामी आज एकाच वंशात 'सिहाड्रेन्सिस' आणि 'सह्याद्रिस' अशा दोन जाती शेजारी शेजारी आहेत. दोन्ही नावे एकाच पर्वताची, पण प्राणी वेगळे. लेखन आणि प्रत्यय भिन्न असल्यामुळे संहितेच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र नावे आहेत आणि त्यांत संघर्ष नाही. मराठी वाचकाला मात्र ती एकाच शब्दाची शुद्ध आणि अशुद्ध रूपे वाटतील. अशुद्ध रूप शुद्ध करू गेल्यास दोन प्राण्यांतील भेदच पुसट होईल. मूळ लेखन राखण्याचा जो नियम वर हटवादी वाटला असेल, त्याची उपयुक्तता येथे कळते.

कोयनेच्या भेकाचे उदाहरण याच प्रकारचे आहे. सोमण यांनी १९६३ साली कोयना परिसरातील भेकाचे वर्णन करून त्याला 'बुफो कोयनायेन्सिस' हे नाव दिले. 'कोयना' शब्दाला 'एन्सिस' हा स्थलवाचक प्रत्यय लावताना मध्ये 'य'कार आला. मराठीत दोन स्वरांमध्ये असा 'य' सहज येतो. लॅटिनच्या दृष्टीने तो अनावश्यक असल्याने काहींनी नंतर तो गाळून लिहिले. पण मूळ लेखन तेच ग्राह्य धरले गेले आणि २००९ मध्ये ही जाती 'झँथोफ्रायनी' या नव्या वंशात गेली तेव्हाही तो 'य' तिच्याबरोबर गेला. २०१९ साली उत्तर सह्याद्रीतील एका बेडकाला तर 'मराठी' हेच जातिनाम देण्यात आले. नदी, पर्वत आणि अखेर भाषा, अशा क्रमाने मराठी प्रदेश शास्त्रनामांत उतरला आहे.

६. लोकनामांचा वाद

येथवर पाहिलेल्या प्रत्येक वादाला निकाल होता, कारण प्रत्येक ठिकाणी तारीख होती, छापील पान होते आणि नमुना किंवा चित्र होते. लोकनामांच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. रायपूरच्या उदाहरणाकडे पुन्हा वळल्यास याचे गांभीर्य ध्यानात येईल.

छत्तीसगढमध्ये पट्टेरी मण्यारीला 'अहिराज' म्हणतात. हाच साप विदर्भाच्या पूर्व भागातही आढळतो. 'अहि' म्हणजे साप, तेव्हा 'अहिराज' म्हणजे सापांचा राजा. मराठीत 'नागराज' या शब्दाचा अर्थ जवळजवळ तोच होतो, पण त्याने निर्देश होतो तो कँटरने वर्णिलेल्या, सापांनाच खाणाऱ्या भल्या मोठ्या सापाचा. अर्थावरून भाषांतर करणारा अनुवादक 'अहिराज' शब्दासाठी 'नागराज' लिहील आणि त्याचे भाषांतर शब्दशः निर्दोष असेल. मात्र वाचकाच्या डोळ्यांपुढे दुसराच साप उभा राहील. अमरकोशाच्या पातालभोगिवर्गात सर्पवाचक शब्दांची जी रास आहे, ती परंपरेने समृद्धी मानली आणि काव्यात ती समृद्धी आहेच. परंतु 'अहि', 'नाग', 'भुजंग' हे पर्याय मानण्याची ही सवय जेव्हा जातिवाचक लोकनामाला लावली जाते, तेव्हा ती दिशाभूल करते.

ही दिशाभूल केवळ वाङ्मयीन राहत नाही. भारतात वापरले जाणारे बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवरून तयार केले जाते. पट्टेरी मण्यार आणि नागराज यांची विषे त्यात समाविष्ट नाहीत. मण्यारीचा दंश पुष्कळदा वेदना वा सूज न आणता श्वासोच्छ्वासाचे स्नायू लुळे करतो. घोणशीच्या दंशाने सूज आणि रक्तस्राव होतो. वैद्य लक्षणांवरून उपचार करतो हे खरे, तथापि रोग्याच्या नातेवाइकाने सांगितलेले नाव हीच त्याला मिळणारी पहिली माहिती असते. हे नाव एका बोलीतील आणि ते ऐकणारा दुसऱ्या भाषेतील असेल, तर कोणत्या लक्षणाची वाट पाहावयाची, याविषयी त्याचा अंदाज चुकण्याचा संभव राहतो.

प्राचीन वैद्यकाला या अडचणीची जाणीव होती असे दिसते. सुश्रुतसंहितेत दर्वीकर, मंडली आणि राजिमान् असे सापांचे वर्ग केले आहेत. फणा असलेले, अंगावर मंडले असलेले आणि रेषा असलेले, असे ते स्थूलमानाने होत. अनेक स्थानिक नावांच्या वर एक लक्षणाधिष्ठित नामव्यवस्था असावी, ही गरज त्यामागे दिसते.

अलीकडील काळात लोकनामांकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची दृष्टी बदललेली दिसते. नागराज ही एकच जाती नसून चार आहेत, असे प्रतिपादन २०२४ मध्ये करण्यात आले. त्यांतील पश्चिम घाटातील जातीला 'काळिंग' हे कन्नड नाव देण्यात आले. सुंदा बेटांकडील जातीसाठी श्लेगेलने १८३७ साली दिलेले 'बुंगारस' हे जुने जातिनाम पुन्हा वापरात आले. आंध्र किनाऱ्यावरील सोन्याचा शब्द अशा रीतीने मण्यारींच्या वंशापासून दूरच्या बेटांवरील नागराजापर्यंत पोहोचला. रसेलच्या काळी स्थानिक नाव केवळ शास्त्रनाम मिळेपर्यंतची सोय होती. आता ते स्वतःच शास्त्रनाम होऊ लागले आहे. असे असले तरी त्या नावाचा त्याच्या मूळ भाषेतील व्यवहार, म्हणजे ते कोण वापरतो, कोठे वापरतो आणि कोणत्या प्राण्यासाठी वापरतो, याची नोंद संहिता करीत नाही. ते तिचे कार्यच नव्हे.

७. समारोप

जुन्या शब्दकोशांत अशा शब्दांपुढे पुष्कळदा 'सापाची एक जात' एवढाच अर्थ आढळतो. कोशकाराचा दोष नाही. त्याच्यापुढे शब्द होता, प्राणी नव्हता. शास्त्रीय सूचीत याच्या उलट परिस्थिती असते. तेथे प्राणी असतो आणि त्याच्यापुढे एखादे 'मराठी नाव' दिलेले असते, पण ते मराठीच्या कोणत्या भागातील याचा उल्लेख क्वचितच असतो. मण्यारीला काही ठिकाणी 'कांडर' म्हणतात. 'मण्यार' हेच मराठी नाव असे सूचीत लिहिले की 'कांडर' म्हणणारा माणूस त्या सूचीतून वगळला जातो.

नामसंहितेकडून भाषाभ्यासकांनी आद्यत्वाचा नियम घेण्याचे कारण नाही. लोकनामांत आधीचे आणि नंतरचे ठरवता येत नाही आणि ठरवण्याची गरजही नाही. घेण्यासारखे आहे ते आधारनमुन्याचे तत्त्व. प्रत्येक लोकनामाला एक आधारनोंद असावी : ते नाव कोणत्या गावी, कोणत्या बोलीच्या भाषकाकडून, कोणत्या वर्षी मिळाले, त्याने ते कोणत्या वाक्यात वापरले आणि त्याने दाखवलेला प्राणी कोणता होता, याच्या छायाचित्रासह. 'अहिराज' शब्दापुढे अशी नोंद असेल, तर व्युत्पत्तीवरून 'नागराज' लिहिण्याची चूक होणार नाही. 'डोमी' आणि 'नाग' यांची एकरूपता केवळ समजुतीवर अवलंबून राहणार नाही. दोन बोलींत एकच शब्द वेगळ्या प्राण्यांना लावला जात असेल, तर तेही उघड होईल आणि त्यांपैकी एकाला चूक ठरवण्याची पाळी येणार नाही.

रायपूर, नागपूर, गोंदिया, बेळगाव, गोवा अशी भाषांच्या सीमेवरील स्थळे या कामासाठी विशेष उपयुक्त आहेत, कारण एका प्राण्याला दोन नावे देणारे लोक तेथे एकाच गल्लीत राहतात. ज्यांच्याकडे ही नावे आहेत त्यांपैकी पुष्कळ वृद्ध आहेत, आणि शाळेत शिकलेल्या पुढील पिढीजवळ 'कोब्रा' व 'करैत' हे दोनच शब्द उरण्याची शक्यता आहे. नमुना हरवला तर शास्त्रज्ञ त्याच्या जागी दुसरा नेमू शकतो. बोलीतील नाव सांगणारा शेवटचा भाषक गेल्यावर त्याच्या जागी कोणाला नेमण्याची सोय नाही. म्हणून आधारनोंदींचे हे काम शब्दकोशांच्या पुढील आवृत्त्यांची वाट न पाहता आत्ताच हाती घेतले पाहिजे.